अळणी रस्सा, फ्रीझर आणि वैशाखातला एक तास

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

मागील अंकात खिचडी साध्या पाण्याऐवजी अळणी रश्शात शिजवून पाहावी, असे या सदरात ओघात लिहिले होते. त्या दोन ओळींवर खान्देशातून आलेली पत्रे इतकी आहेत, की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे लागत आहे. अळणी म्हणजे मसाला न घातलेला, हाडांचा किंवा भाज्यांचा उकळून गाळलेला अर्क, एवढाच अर्थ येथे घ्यावा. नावात मीठ नसले तरी पुष्कळ घरांत त्यात चिमूटभर पडतेच. मात्र साठवणीच्या रश्शात ते का पडू नये, हे पुढे येईल.

प्रश्न : आमच्याकडे दर रविवारी मटण किंवा चिकन येते. हाडांचा रस्सा काढून ठेवायचा झाल्यास पाणी किती घ्यावे, किती वेळ शिजवावा आणि त्यात गॅस फार जळतो का? (एक वाचक भगिनी, अमळनेर)

उत्तर : आधी हाडांविषयी. रश्शाला अंग येते ते मांसामुळे नव्हे, तर सांध्यांतील कुर्च्या, कातडी आणि चिवट पांढरे स्नायुबंध यांच्यामुळे; त्यांच्यातील कोलॅजन हे प्रथिन बराच वेळ गरम पाण्यात राहिले की त्याचे जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरते. म्हणून मटणाच्या दुकानात नुसत्या नळ्या न मागता गुडघ्याचे सांधे, मानेचे मणके आणि मिळाल्यास एखादा पाया मागून घ्यावा. कोंबडीच्या दुकानात पाठीचा सांगाडा, मान, पंखांची टोके आणि पंजे यांना फारसे गिऱ्हाईक नसते, पण आपल्या कामाचा ऐवज नेमका तोच आहे. आठवड्याला थोडी थोडी हाडे पिशवीत घालून फ्रीझरमध्ये जमवीत जावी आणि किलोभर झाली की रस्सा काढावा. ही हाडे कच्ची असावीत, किंवा शिजवल्यावर वाढण्यापूर्वीच बाजूला काढलेली असावीत. पानातली उष्टी हाडे चालतील का, असे एका पत्रात खरोखरच विचारले आहे, त्याचे उत्तर अर्थातच नाही.

हाडे गार पाण्यात बुडवून एक उकळी आणावी. पाच मिनिटांत करड्या रंगाचा, चिकट फेस वर येऊन पातेल्याच्या कडेला धरतो. ते सर्व पाणी मोरीत ओतून द्यावे आणि हाडे व पातेले दोन्ही स्वच्छ धुवून घ्यावे. या धुण्याचा कंटाळा केला, तर रस्सा गढूळ होतोच आणि त्याला उग्र वासही राहतो. मग एक किलो हाडांना दोन लिटर ताजे गार पाणी, दोन तुकडे केलेला एक कांदा, बोटभर आले, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, आठ-दहा मिरे, एक तमालपत्र आणि कोथिंबिरीचे मूठभर देठ घालावेत. मीठ मुळीच घालू नये, कारण हा रस्सा पुढे आटवला जाईल, शिवाय ज्या भाजीत तो पडेल तिला स्वतःचे मीठ असेल. आज बरोबर वाटलेले मीठ त्या दिवशी खारट लागेल. हळद घालण्याची आपल्या हाताला सवय असते. घातल्याने बिघडत काही नाही, पण तो रस्सा मग पांढऱ्या पुलावाला उपयोगी पडत नाही.

उघड्या पातेल्यात करणार असाल, तर रस्सा खळखळ उकळू देऊ नये. दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा वर येऊन फुटावा, इतकीच आच हवी. जोरात उकळल्यास वरची चरबी बारीक होऊन पाण्यात मिसळते आणि रस्सा पिठूळ दिसतो. या आचेवर कोंबडीला तीन तास आणि मटणाच्या हाडांना पाच ते सहा तास लागतात. गॅसची चिंता असलेल्यांनी सरळ कुकर वापरावा. आपण ज्याला डाळ-भाताचे भांडे समजतो त्या कुकरचा मूळ पूर्वज हाडांसाठीच जन्मला होता, हे येथे सांगण्यासारखे आहे : डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडून हाडे मऊ करणारे भांडे मांडले होते. कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून कोंबडीच्या हाडांना पाऊण तास आणि मटणाच्या हाडांना दीड तास पुरतो. कुकर दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये, आणि शिट्टी उचलून वाफ काढण्याची घाई करू नये. दाब एकाएकी उतरला की आतले पाणी भसाभस उकळते आणि तासभर राखलेला स्वच्छपणा क्षणात जातो.

प्रश्न : मे महिन्यात रात्री दहा वाजता रस्सा झाला. गरम भांडे फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणून ते झाकून ओट्यावर ठेवले. सकाळी वर बारीक फेस होता आणि वास किंचित आंबूस होता. पुन्हा चांगला उकळून फ्रीझरमध्ये ठेवला असता तर चालला असता का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : नाही. रस्सा टाकून दिला असेल तर योग्यच केले. आणि वास आला नसता तरी तो टाकायलाच हवा होता, कारण या प्रकरणात नाकावर पूर्ण विसंबता येत नाही.

उकळीने सर्व काही मरते, हा आपला जुना विश्वास अर्धाच खरा आहे. मांसाच्या रश्शात हटकून आढळणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. रस्सा निवू लागला की ते जागे होतात; त्यांना सर्वांत मानवणारे तापमान ४३ ते ४५ अंशांच्या आसपास आहे आणि त्या तापमानात त्यांची संख्या साधारण दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. वैशाखात भुसावळची दुपारच ४५ अंशांच्या घरात असते आणि रात्री भिंतीही गरम लागतात, हे आपणास मी वेगळे सांगायला नको. खोल पातेल्यातला, वर झाकण घातलेला चार लिटर रस्सा अशा घरात पहाटेपर्यंत कोमटच राहतो, म्हणजे रात्रभर त्या जिवाणूंना आपण हवा तसा पाळणा मिळवून देतो. सकाळच्या उकळीने वाढलेले जिवाणू मरतील. परंतु इतर काही जिवाणू अन्नात आपले विष सोडून ठेवतात आणि त्यांतील काही विषे उकळीलाही दाद देत नाहीत. फ्रीझरचा तर येथे काहीच उपयोग नाही. थंडी जिवाणूंना झोपवते, मारत नाही.

शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये आणि फ्रिजमध्ये ते ५ अंशांखाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवेचे तापमान ३२ अंशांवर असल्यास हा अवधी एक तासाचाच धरतात. आपल्याकडे फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत एक तासच धरावा. गॅस बंद केल्यापासूनच्या त्या तासात काय करावे, तर रस्सा लगेच गाळून दोन पसरट स्टीलच्या पातेल्यांत विभागावा आणि पातेली पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून पळीने ढवळत राहावे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हातालाच चटका देते, त्यामुळे परातीत माठातले पाणी आणि बर्फ असावा, आणि पाणी कोमट झाले की बदलावे. अर्ध्या तासात पातेल्याला हात लावून धरता येतो. मग ते झाकण किंचित उघडे ठेवून फ्रिजमध्ये ठेवण्यास हरकत नाही. आजचा फ्रिज कोमट पातेल्याने बिघडत नाही. वाफाळते मोठे भांडे मात्र शेजारच्या दुधाला आणि दह्याला तापवते, एवढ्यापुरती जुनी समजूत खरी आहे.

माझी स्वतःची पद्धत याहून सोपी आहे. रस्सा गाळल्यावर तो मोठ्या आचेवर निम्मा आटवून घ्यायचा आणि उकळून निवलेल्या पाण्याचा आदल्या दिवशी केलेला बर्फ, जितके पाणी आटवले साधारण तितका, थेट त्यात टाकायचा. रस्सा दहा मिनिटांत गार होतो आणि दाटपणा पूर्वीइतकाच राहतो.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवलेला रस्सा सकाळी जेलीसारखा झाला होता आणि वर पांढरा थर होता. घरातील सर्वांनी तो खराब झाला म्हणून टाकायला लावला. (एक वाचक भगिनी, धुळे)

उत्तर : आपल्या हातून उत्तम रस्सा झाला होता, आणि तो वाया गेला याचे वाईट वाटते. भांडे हलवल्यावर खरवसासारखा थरथरणारा रस्सा म्हणजे जिलेटिन पुरेसे उतरल्याची खूण आहे. गॅसवर ठेवताच तो पुन्हा पातळ होतो. वरचा पांढरा थर चरबीचा आहे. तो चमच्याने उचलला की पापडासारखा तुकड्यातुकड्यांत निघतो. फ्रिजमध्ये रस्सा तीन दिवस ठेवायचा असेल तर तो थर वर राहू द्यावा, पण फ्रीझरमध्ये टाकण्यापूर्वी काढावा, कारण गोठलेल्या अवस्थेतही चरबीला हळूहळू खवट वास येतो.

प्रश्न : सासूबाई माळकरी आहेत. फ्रिज एकच आहे. त्यांच्यासाठी असा काही शाकाहारी रस्सा साठवता येईल का? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणाचा कट भरपूर निघतो, तो ठेवता येतो का? (एक वाचक भगिनी, मुक्ताईनगर)

उत्तर : दोन्ही जमते, आणि ज्या घरात सासूबाईंच्या मनाला रुखरुख लागेल तेथे मांसाचा रस्सा त्याच फ्रिजमध्ये ठेवूच नये, असे माझे मत आहे. डब्यात डबा घालून तो ठेवता येतो खरा. पण प्रश्न वास लागण्याचा नसून एका माणसाने पाळलेल्या नेमाचा आहे.

भाज्यांच्या रश्शाची खुबी भाजण्यात आहे. काळ्या मसाल्यासाठी आपण कांदा विस्तवावर भाजतो, तसेच दोन कांदे सालीसकट भाजून घ्यावेत. गाजर, टोमॅटो, दुधी, शेवग्याच्या निबर शेंगा आणि कोथिंबिरीचे देठ थोड्या तेलावर तांबूस होईपर्यंत परतावेत, मग दीड लिटर पाणी, मिरे, धने आणि भाजलेला कांदा घालून चाळीस मिनिटे मंद उकळावे. त्याहून जास्त वेळ उकळून काही मिळत नाही, उलट कडवटपणा उतरतो. कोबी आणि फ्लॉवरला उग्र वास सुटतो, मेथीचे देठ कडू होतात, वांगे रंग बिघडवते आणि बिटाचा रंग पुढच्या प्रत्येक पदार्थात दिसतो, म्हणून ही पाच वगळावीत. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असेल तर टोमॅटो, दुधी, धने-जिरे आणि थोडी भाजलेली हरभरा डाळ यांच्यावरही रस्सा बरा निघतो. मटकी, चवळी किंवा हरभरे शिजवल्यावर उरणारे पाणीही फेकू नये. ते अर्धा रस्साच असते.

आता कटाविषयी. आखाजीला मांडे आणि आमरसाबरोबर रशी, म्हणजे कटाची आमटी, होतेच, तरी कट उरतो, आणि नेमका तेव्हाच वैशाख असतो. कटात पिठूळ अंश आणि प्रथिने दोन्ही असल्याने तो मटणाच्या रश्शापेक्षाही लवकर आंबतो. पुरण वाटून होईपर्यंत चुलीजवळ ठेवलेला कट दुपारी फसफसलेला अनेकींनी पाहिला असेल. म्हणून डाळ निथळली की पुरणाकडे वळण्यापूर्वी कट परातीत गार करावा. चिंच, गूळ, मीठ किंवा मसाला घालण्याआधीच तो गोठवावा. नंतर वितळल्यावर कट फुटल्यासारखा दिसतो, खाली साका आणि वर पाणी. तो नासलेला नसतो, रवी फिरवून उकळी आणली की एकजीव होतो आणि त्याची रशी ताज्यासारखीच होते.

प्रश्न : डबे कोणते वापरावेत? काचेची बरणी चालेल का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगते. हे मी पुस्तकात वाचले होते, तरीही लोणच्याची एक जुनी बरणी काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खांद्यापाशी गोल चिरलेली बरणी व मटारच्या पिशव्यांवर पसरलेले काचेचे कण वेचत बसले. तेव्हापासून काच बंद. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे सर्वांत चांगले. दोन बोटे जागा सोडून भरावेत. प्लास्टिक वापरायचे झाल्यास खाद्यपदार्थांसाठीचेच घ्यावे आणि रस्सा पूर्ण गार झाल्यावरच त्यात ओतावा.

छोट्या कुटुंबाने बर्फाचा ट्रे वापरावा. रस्सा आटवून दीड लिटरचा अर्धा लिटर केला, तर त्याचे खडे भाजीत दोन-दोन टाकता येतात आणि फ्रीझरमधील जागाही वाचते. गोठलेले खडे पिशवीत काढून, आतली हवा दाबून पिशवी बंद करावी. उघड्या ट्रेमध्ये राहिलेले खडे पंधरा दिवसांत फ्रीझरचा वास धरतात.

प्रश्न : आमच्या गावात वीज वारंवार जाते, कधी रात्रभर येत नाही. आमचा फ्रिज एका दरवाजाचा आहे. रस्सा साठवावा का? (एक वाचक, साक्री तालुका)

उत्तर : साठवावा, पण थोडा. रस्सा तीन-चार महिने चांगला राहतो असे सांगतात, ते उणे १८ अंशांच्या फ्रीझरला धरून. एका दरवाजाच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा नेहमी तेवढा थंड होत नाही. त्यात आइस्क्रीम दगडासारखे घट्ट राहते का, हे पाहावे. ते मऊ पडत असेल तर रस्सा दोन-तीन आठवड्यांत संपवावा.

वीज गेल्यावर दार उघडू नये. स्वतंत्र, गच्च भरलेला फ्रीझर दार बंद असल्यास सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास गोठलेला राहतो. आपल्या छोट्या कप्प्याकडून यातली अर्धीही अपेक्षा ठेवू नये. कप्पा रिकामा असेल तर पाण्याच्या पिशव्या गोठवून तो भरून टाकावा, म्हणजे थंडावा टिकतो.

शेतावर किंवा लग्नाला दोन दिवस जाऊन येणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर सर्व ठीक आहे. नाणे बर्फाच्या मध्ये किंवा तळाशी गोठलेले दिसले, तर आपल्या गैरहजेरीत सर्व वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे, आणि तो रस्सा दिसायला कितीही घट्ट असला तरी टाकून द्यावा. आपल्या डोळ्यांदेखत वितळत असलेल्या रश्शात अजून बर्फाचे खडे असतील, तर तो उकळून त्याच दिवशी वापरता येतो.

प्रश्न : पायाचा रस्सा घेतल्याने गुडघे बरे होतात का? (एक ज्येष्ठ वाचक, नंदुरबार)

उत्तर : गुडघ्यातली कुर्चा खाल्ल्याने ती आपल्या गुडघ्यात जाऊन बसत नाही, जिलेटिन हे इतर प्रथिनांप्रमाणेच पोटात पचून सुटे होते. थंडीत तो घ्यावा, बरे वाटते. ज्यांना युरिक अॅसिड वाढल्याचे सांगितले आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांसाचा रस्सा रोज घेऊ नये.

प्रश्न : गोठवलेला रस्सा काढून कसा आणि कशात वापरावा? आमच्या घरी तर सर्व भाज्यांना काळा मसालाच असतो. (एक वाचक भगिनी, चोपडा)

उत्तर : तो ओट्यावर ठेवून वितळवू नये. रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, किंवा डबा क्षणभर नळाखाली धरून गोळा तसाच पातेल्यात सोडावा आणि खळखळून उकळी आणावी. एकदा वितळलेला परत गोठवू नये, म्हणूनच डबे एका वेळेपुरते असावेत.

काळ्या मसाल्याची शंका रास्त आहे. भाजलेले खोबरे, कांदा आणि गरम मसाला यांच्यापुढे हलक्या रश्शाची चव लपते, अंग मात्र लपत नाही. शेवभाजीत पाण्याऐवजी भाज्यांचा रस्सा घालून पाहावा. वाटण एक तृतीयांश कमी करूनही तर्री तशीच येते आणि रस्सा पाणचट लागत नाही. पातोड्यांच्या आणि डुबुकवड्यांच्या रश्शाला हेच लागू आहे. खिचडीत आणि मसालेभातात पाण्याच्या मापाने रस्सा घ्यावा; बट्टीबरोबरच्या वरणात एखादी वाटी पुरे. भरताला मात्र हात लावू नये. त्याची चव कपाशीच्या वाळक्या काट्यांच्या धुरात आहे, तेथे रश्शाचे काम नाही. वाटण घातलेली तयार भाजीच गोठवावी, असे काहींना वाटते, पण खोबऱ्याचे तेल खवटते आणि लसणाची चव बदलते, म्हणून गोठवायचे ते अळणीच.

आणखी एक, डब्यावर नाव आणि तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावावी. गोठल्यावर कट, कोंबडीचा रस्सा आणि भाज्यांचा रस्सा तिन्ही सारखेच पिवळट दिसतात. मागे एका एकादशीला, मुलांपुरती आमटी करावी म्हणून कट समजून मी एक डबा पातेल्यात उपडा केला. चिंच कोळून झाली होती, फोडणीची मोहरी तडतडत होती, आणि तेवढ्यात पातेल्यातून आलेल्या वाफेने देवघरातल्या आमच्या आत्याबाईंनी जपमाळ थांबवून विचारले, "आज कोंबडी कोणी आणली गं?"